जानेवारीत चौथा वाढदिवस, लंडनची थंडी: लेकाला आत, उबेत कुठे नेता येईल?

हॅरोची सून

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी लेकाला चार वर्षं पूर्ण होतायत. हॉल घेऊन पार्टी करायची नाही, हे आमचं दोघांचं पक्कं ठरलंय. नर्सरीतल्या मुलांच्या वाढदिवसांना जातो, तिथे बाउन्सी कॅसलचा पंखा आणि गाणी एकदम सुरू झाली की हा कानांवर हात ठेवून दाराशी जाऊन उभा राहतो. केक कापेपर्यंत तिथेच. निदान स्वतःच्या वाढदिवसाला तरी त्याच्यावर ही वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

म्हणून त्याला कुठेतरी फिरायला न्यायचं. सोबत नर्सरीतली एक मैत्रीण आणि तिची आई. शिवाय सासू-सासरे सांगलीहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. आईंचे गुडघे दुखतात, जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त. बाबा हवं तितकं चालतील, पण गार वारा लागला की त्यांचे कान ठणकतात.

लेक आगगाडीवेडा आहे. ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, लाइनी रंगावरून ओळखतो. किरमिजी मेट्रोपॉलिटन ‘आपली’, करडी जुबिली ‘बाबाच्या ऑफिसची’. लाकडी गाडी खेळताना गाल जमिनीला टेकवून एकच डबा पुढे-मागे करत चाकं बघत बसतो. त्यात अर्धा तास सहज जातो.

सगळे सांगतात, नॅचरल हिस्टरी म्युझियमला न्या. पण तिथला यांत्रिक टी-रेक्स डायनोसॉर मान हलवतो आणि गुरगुरतो असं ऐकलं, त्यामुळे धीर होत नाही. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. चारनंतर अंधार पडायला लागतो, तोवर परतीच्या गाडीत बसलेलं बरं.

आणखी एक. त्याचं बोरन्हाण राहिलंय. आई म्हणतात पाच वर्षांपर्यंत करतात, यंदा मी आहे तर करूनच टाकू. वाढदिवस आणि बोरन्हाण एकाच दिवशी बसवता येईल का?

आगाऊ धन्यवाद.

ईलिंगकर

आगगाडीवेडा म्हटल्यावर कॉव्हेंट गार्डनचं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम. दुसरं नाव मनातच येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि मोठ्यांचं एकदा काढलं की वर्षभर पुन्हा जाता येतं. जुन्या फुलबाजाराच्या इमारतीत आहे, वर काचेचं छत, त्यामुळे पावसाळी दिवशीसुद्धा आत उजेड असतो. लिफ्ट आहे. लहान मुलांना खेळायला वेगळी जागा आहे, बसच्या स्टिअरिंगवर बसता येतं.

तिथे 1866 सालचं वाफेचं इंजिन आहे, मेट्रोपॉलिटनचं 23 नंबरचं. चाकं पोराच्या डोक्याच्या उंचीला येतात. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. आणि 1890 च्या सुमाराचा एक बोगद्यातला डबा आहे, त्याला खिडक्या म्हणजे छताजवळ नुसत्या फटी. बोगद्यात बघण्यासारखं काही नाही तर खिडकी कशाला, असा त्या कंपनीचा विचार. आमच्या मुलीला तो डबा फार आवडतो, आत बसून ती स्वतःच स्टेशनांची नावं पुकारते.

फक्त कॉव्हेंट गार्डन स्टेशनला उतरू नका. लिफ्टला गर्दी असते आणि जिन्याला 193 पायऱ्या आहेत, गोल गोल. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत या, दोन्ही स्टेशनांत जेमतेम पाव किलोमीटर अंतर आहे.

लुईशमची मावशी

अगं, मी नर्सरीत काम करते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्येच माझा दिवस जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा दाराशी जाऊन उभा राहतो, याला भित्रेपणा समजू नकोस. घरातल्या कुणाला समजू देऊही नकोस. एका आवाजावर दुसरा आवाज चढला की काही मुलांना ते सहन होत नाही, आणि ती शहाण्यासारखी बाजूला होतात. जी मुलं गाल टेकवून चाक बघतात, त्यांना एकच गोष्ट मनसोक्त बघायची असते. अशा मुलाला एका दिवसात तीन ठिकाणं दाखवलीस तर संध्याकाळी रडारड ठरलेली. एक ठिकाण निवड आणि तिथून त्याला लवकर उठवू नकोस.

ट्रान्सपोर्ट म्युझियम उत्तमच आहे. पण शनिवारी दुपारचं कॉव्हेंट गार्डन म्हणजे बाहेर जादूवाले, गाणारे, पर्यटकांची गर्दी, आणि हॅरो-ऑन-द-हिलहून आलात तर गाडी बदलायची, जिने आहेतच. तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि लेकाचे कान बघता मी पोस्टल म्युझियम सुचवीन, माउंट प्लेझंटचं.

तिथे जमिनीखालून टपालाची गाडी धावायची, मेल रेल. 1927 साली सुरू झाली आणि 2003 मध्ये बंद पडली. पॅडिंग्टनपासून व्हाइटचॅपलपर्यंत साडेसहा मैल, रस्त्यावरच्या गर्दीच्या खालून, ड्रायव्हरशिवाय. पत्रांच्या थैल्या भरलेल्या गाड्या आपापल्या जायच्या. 2017 पासून त्याच बोगद्यात आता माणसांना फिरवून आणतात. गाडी एवढीशी आहे की मोठ्या माणसाचे गुडघे पुढच्या पाट्याला लागतात, आणि चार वर्षांच्या मुलाला मात्र ती बरोबर त्याच्याच मापाची वाटते. डोक्यावर पारदर्शक झाकण येतं आणि गाडी बोगद्यात शिरते. साधारण पंधरा मिनिटांची फेरी. बोगद्याच्या भिंतीवरून पाणी झिरपून पांढरे ओघळ जमलेत, ते अगदी हाताशी दिसतात. रूळ दोन फुटी, त्यामुळे फाटे कसे फुटतात, गाडी एका बोगद्यातून दुसऱ्यात कशी वळते, हे मोठ्या रेल्वेत कधी दिसत नाही ते इथे समोर घडतं.

गाडीतून उतरलं की तिथेच आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘सॉर्टेड’ नावाची खेळायची जागा आहे. पाऊण तासाचं सत्र, त्याचं तिकीट वेगळं. टपाल्याचे कपडे घालायचे, ढकलगाडीत पार्सलं भरायची, घसरगुंडीवरून खाली सोडायची, पुन्हा उचलून वर न्यायची. सत्राला मुलं मोजकीच घेतात. मी नर्सरीत बघते, इतर मुलांशी फारसं न बोलणारी मुलं अशा कामाच्या खेळात आपोआप मिसळतात, कारण हातात पार्सल असतं आणि ते कुणाला तरी द्यायचंच असतं. ‘चल खेळ जा त्यांच्याशी’ असं सांगावं लागत नाही.

आता प्रवास. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन थेट फॅरिंग्डनला जाते, गाडी बदलायला नको, आणि दोन्ही स्टेशनांना लिफ्ट आहे. आणि त्याला हे नक्की सांग: जगातली पहिली भुयारी रेल्वे हीच. 10 जानेवारी 1863 ला लोकांसाठी सुरू झाली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. बेकर स्ट्रीट गेलं की तुम्ही त्याच जुन्या मार्गावरून जाता. जानेवारीत वाढदिवस असणाऱ्या आणि तिला ‘आपली’ म्हणणाऱ्या मुलाला यापेक्षा वेगळी भेट काय द्यायची! त्याला खिडकीजवळ बसव. शनिवार-रविवार रुळांची कामं निघतात, तेवढं आदल्या रात्री बघून घे.

फॅरिंग्डनहून चालत दहा-पंधरा मिनिटं, हलकासा चढ. बाबांच्या कानांना वारा नको असेल तर 63 नंबरची बस त्याच रस्त्याने जाते.

क्यूजवळचा

मुलासाठी वरचे दोन्ही पर्याय छानच, पण आजी-आजोबांना समोर ठेवून लिहितो.

क्यू गार्डन्सचं पाम हाउस. 1840 च्या दशकात बांधलेलं लोखंड आणि काचेचं घर, आत भर जानेवारीत कोकणातल्यासारखा दमटपणा. दार उघडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटांत कोट काढावा लागतो. माझे वडील आले होते तेव्हा केळीच्या झाडाखालच्या बाकावर बसले आणि उठायलाच तयार नव्हते. लंडनमध्ये आल्यापासून पहिल्यांदा पाठ शेकली म्हणाले. नारळ, केळी, कोकोची झाडं आहेत, खोडालाच लागलेली कोकोची फळं मुलांना भारी वाटतात. व्हिक्टोरिया गेटमधून आलात तर चालणंही फार नाही. वरच्या सज्ज्याला गोल जिना आहे, तिकडे आजींनी जाऊ नये.

चार वर्षं पूर्ण झाली की मुलांचं तिकीट लागतं, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी लागेल, आदल्या दिवशी नाही. आदला शुक्रवार मोकळा असेल तर विचार करा.

हॅरोची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. ‘भित्रा नाही’ हे वाक्य आईंनीही ऐकलं, बरं झालं.

मेल रेल बघताच मलाच जावंसं वाटायला लागलंय. पण शंका आहेत. बोगद्यात अंधार किती? लेक ट्यूबच्या बोगद्याला घाबरत नाही, पण ट्यूबमध्ये दिवे असतात. आईंना त्या छोट्या गाडीत बसता-उठता येईल का? आणि जेवणाचं काय करायचं? केक तिथे नेता येतो का, मेणबत्ती वगैरे?

लुईशमची मावशी

अंधार आहे. गाडीत ध्वनिफीत चालते, थांबून थांबून भिंतींवर चित्रफिती दाखवतात, आणि मध्ये काही क्षण दिवेही जातात. मुलाला आधी सांगितलंस की तो घाबरणार नाही, न सांगता झालं तर घाबरेल. आधीचे दोन-तीन दिवस घरी सोफ्याच्या उशांचा बोगदा करा, दिवा मालवा, ‘आता अंधार, आता उजेड’ असं खेळा. माझ्या नर्सरीतल्या मुलांना कुठेही न्यायचं असलं की मी हेच करते. तिथे काय काय होणार ते क्रमाने सांगते: आधी झाकण बंद, मग अंधार, मग पुन्हा उजेड, मग आपण उतरायचं. उतरायचं कधी हे माहीत असलं की मुलं बरंच काही निभावतात. कानांवर लावायचे मोठे हेडफोन असतात ना, आवाज कमी करणारे, ते सोबत ठेव. घालायला लावू नकोस, गळ्यात राहू देत.

तरीही आयत्या वेळी तो नको म्हणाला तर नको. जबरदस्तीने बसवू नका, ‘एवढे पैसे भरलेत’ असं आजूबाजूला कुणी म्हणू नका. मेल रेलच्या डेपोत उभी असलेली इंजिनं आणि खेळायची जागा, एवढ्यावरही त्याचा दिवस झकास जाईल.

आईंना गाडीत बसवायचा आग्रह मी करणार नाही. बैठक खूप खाली आहे, वाकून शिरायचं आणि कुणाच्या आधाराशिवाय उठता आलं पाहिजे. गाडीत बसणं जमत नाही त्यांच्यासाठी फलाटावरच चित्रफितीतून सफर दाखवतात, तिकीट काढताना त्याची वेळ विचारून घे. समोरच्या इमारतीत टपालाचं मुख्य म्युझियम आहे, तिथे हवेच्या दाबाने नळीतून चिठ्ठी पाठवायचं यंत्र आहे. चिठ्ठी लिहायची, डबीत घालायची, नळीत सोडायची, फुस्स करून ती दुसऱ्या टोकाला. आजी एका टोकाला आणि नातू दुसऱ्या टोकाला, असं बसवून दे. आजीने मराठीत लिहावं. वाचता येत नसलं तरी आजीकडून आलंय हे त्याला कळतं. मला विचारशील तर त्या दोघांसाठी बोगद्यातल्या गाडीपेक्षाही हा भाग मोठा ठरेल.

मेणबत्ती, निरांजन असलं काही तिथे चालणार नाही. औक्षण सकाळी घरीच करा, तो झोपेतून उठून दूध प्यायला की लगेच, नवे कपडे घालून. केक संध्याकाळी घरी. म्युझियमच्या कॅफेत शाकाहारी मिळतं, पण चार वर्षांचं पोर ओळखीच्या चवीवरच खूश असतं. डब्यात तूप-साखरेची पोळी गुंडाळून ने, सोबत काकडी. फॅरिंग्डनला उतरेपर्यंत एक पोळी संपलेली असेल.

वेळ सकाळची घे. पहिली किंवा दुसरी फेरी, मग खेळायचं सत्र, मग जेवण, मग चिठ्ठ्या. दोनच्या सुमारास निघालात तर उजेडात घरी. खेळायचं सत्र गाडीच्या आधी ठेवू नकोस, तिथून त्याला ओढून काढावं लागेल.

ईलिंगकर

मावशींच्या बेतासमोर माझी माघार. ट्रान्सपोर्ट म्युझियम फेब्रुवारीत करा, पण शाळांची सुट्टी असेल तो आठवडा सोडून.

साउथ केन. रोज

मी त्या भागातच नोकरी करतो, म्हणून नॅचरल हिस्टरी म्युझियमबद्दल दोन शब्द. ते वाईट नाही, उलट माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. मोठ्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सव्वापंचवीस मीटर, आयर्लंडच्या किनाऱ्यावर 1891 मध्ये अडकलेला देवमासा. त्याच्याखाली उभं राहिलं की मोठी माणसंही बोलायची थांबतात. मुलाने ते बघायलाच हवं. पण तुमचा अंदाज बरोबर आहे. डायनोसॉरचा भाग अंधारा आहे, रांगेत पुढेच सरकावं लागतं, आणि शेवटी तो टी-रेक्स. अर्ध्यातून मागे फिरणं अवघड. जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, शाळांच्या सहली परत गेल्या की दोननंतर या, फक्त देवमासा बघा आणि घरी जा. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे एकच गोष्ट बघून निघायला काही वाटत नाही. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी वाट थेट म्युझियमांकडे जाते, वारा लागत नाही. स्टेशनात जिने मात्र आहेत.

लुईशमची मावशी

बोरन्हाणाचं राहिलं. शनिवारी अजिबात नको, रविवारी कर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, आणि तिसरा आठवडा त्यातच येतो. बोरन्हाण म्हणजे डोक्यावरून अचानक काहीतरी ओतलं जाणार आणि दहा मुलं अंगावर झेपावणार. तुझ्या लेकाला आदल्या दिवशीच्या दगदगीवर हे नको. चार-पाच मुलं बोलाव. पहिली वाटी त्याच्या डोक्यावर नको, त्याच्याच हातात दे आणि आजीच्या पदरात ओतायला सांग. मग आजी हळूच त्याच्या डोक्यावरून, चुरमुरे आधी. चुरमुऱ्यांचा आवाज होत नाही आणि ते लागतही नाहीत.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घे. इथे तीळ आणि शेंगदाणे, दोन्ही ॲलर्जीच्या चौदा पदार्थांच्या यादीत आहेत. हलवा, रेवड्या, तिळगूळ, सगळ्यात तेच. मैत्रिणीच्या आईला आधी स्पष्ट विचार, तिला मेसेजमध्ये पदार्थांची नावं लिहून पाठव. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत असं इथे डॉक्टर सांगतात, घशात अडकतात. अख्खी द्राक्षंही नकोत, बोरांऐवजी लोक ती वापरतात आणि मला ते बघवत नाही. लहान भावंडं जमिनीवरून उचलून तोंडात घालणारच. चुरमुरे घे, आणि बत्ताशांऐवजी मऊ बिस्किटं, गुंडाळलेली छोटी चॉकलेटं, रंगीत स्टिकर. स्टिकर आगगाडीचे आण.

बोरं वेम्बलीच्या ईलिंग रोडवर कधीकधी मिळतात. मिळाली तर चार-पाच फक्त आजीच्या ओंजळीत ठेव, ओवाळण्यापुरती.

हॅरोची सून

ठरलं! शनिवारी सकाळची दुसरी फेरी, लगेच खेळायचं सत्र. तिकिटं आत्ताच काढली. मैत्रिणीच्या आईला विचारलं, बरं झालं विचारलं, त्या मुलीला तीळ खरंच चालत नाही. त्यामुळे रविवारी तिच्यासमोर हलवा काढणारच नाही, दागिने मण्यांचे करू म्हणतेय. आई मात्र हिरमुसल्यात, त्यांना हलव्याचेच हवेत. मुलगी गेल्यावर घरच्या घरी घालून फोटो काढू, असं सांगून समजूत घातली आहे.

क्यूजवळच्या दादांचा शुक्रवारही आम्ही घेतोय. आम्हाला दोघांना सुट्टी नाही, पण बाबा म्हणाले मी नेतो आजी-नातवाला, बाकावर बसून राहू.

कुणाकडे चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा काळा झबला-कुर्ता असेल का? इथे बघितले ते सगळे बाळांच्या मापाचे आहेत.

पिनरची काकू

आमच्या नातवाचा आहे, काळा कुर्ता, पांढऱ्या खडीचा, पाच वर्षांचा असताना शिवलेला. थोडा लांब होईल, बाह्या दुमडा. मुकुट आणि बाजूबंद मण्यांचेच आहेत, तीळ नाही. हाराचा दोरा तुटलाय, तो ओवून ठेवते. गुरुवारी संध्याकाळी हॅरो-ऑन-द-हिलला येणारच आहे, तिकीट-गेटपाशी सहाला भेट. तुझ्या सासूबाईंनाही आण, मी मिरजेची आहे.